व्हिडिओ गेमची समीक्षा : गुणांक, व्यक्तिनिष्ठता आणि साधार मत (१९८१ ते २०१५)

सारांश

व्हिडिओ गेमवरील परीक्षण वस्तुनिष्ठ असावे, ही मागणी या माध्यमाच्या वाचकवर्गात दीर्घकाळ रुजलेली आहे. प्रस्तुत लेखात १९८१ ते २०१५ या कालखंडातील ब्रिटन, अमेरिका व जपान येथील गेम-परीक्षणाच्या वाटचालीचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. वस्तुनिष्ठतेची ही अपेक्षा ग्राहकोपयोगी परीक्षणाच्या पद्धतीतून निर्माण झाली, गुणांकांच्या सरासरीने ती दृढ केली आणि प्रत्यक्षात समीक्षेची विश्वसनीयता मात्र दुसऱ्याच गोष्टीवर, म्हणजे मतामागील कारणे वाचकाला स्वतः तपासून पाहता येण्यावर अवलंबून राहिली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, परीक्षण, समीक्षा, व्यक्तिनिष्ठता, गुणांक, साधार मत

प्रस्तावना

साहित्य शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला एक अनुभव परिचयाचा असतो. एखाद्या कलाकृतीविषयी विद्यार्थ्याला ‘असे का वाटते?’ असे विचारले, की ‘हे माझे मत आहे’ असे उत्तर मिळते आणि चर्चा तेथेच थांबते. याच्या उलट टोकाला दुसरी भूमिका असते. मत नको, केवळ वस्तुस्थिती सांगा, अशी ती भूमिका होय. वरकरणी या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. मत म्हटले की ते खासगी, आणि खासगी म्हटले की ते तपासण्याच्या पलीकडचे, असे दोन्ही पक्ष मानतात.

साहित्य, नाटक वा चित्रपट यांच्या समीक्षेत हा प्रश्न जुना आहे. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मात्र तो अवघ्या तीन-साडेतीन दशकांत, अत्यंत तीव्रतेने आणि काही प्रसंगी माणसांच्या उपजीविकेवर परिणाम करीत उभा राहिला. म्हणूनच समीक्षाव्यवहाराच्या अभ्यासकाला हे क्षेत्र उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. गेम-परीक्षणातील वस्तुनिष्ठतेच्या अपेक्षेचा उगम शोधणे.
२. गुणांकपद्धतीचे परिणाम काही प्रत्यक्ष घटनांच्या आधारे तपासणे.
३. व्यक्तिनिष्ठ असूनही साधार असलेल्या मताचे स्वरूप स्पष्ट करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. ‘परीक्षण’ आणि ‘समीक्षा’ या मराठीत रूढ असलेल्या दोन संज्ञांमधील भेद येथे पाळला आहे. नव्या कृतीची ओळख करून देऊन ती घ्यावी की नाही हे सांगणारे लेखन ते परीक्षण. कृतीचा अर्थ आणि तिचे मूल्य यांचा शोध घेणारे लेखन ती समीक्षा.

परीक्षणाचा आरंभ : वस्तूची पारख

गेम-परीक्षणाला स्वतःचे व्यासपीठ मिळाले ते १९८१ मध्ये. अमेरिकेत आर्नी कॅट्झ, बिल कंकेल आणि जॉइस वर्ली यांनी ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’चा पहिला अंक निघाला. गेम विकत घेण्यापूर्वी तो खेळून पाहण्याची सोय बहुतेक ग्राहकांना नव्हती. वेष्टनावरील चित्र आकर्षक असे. पडद्यावर मात्र काही चौकोनी ठिपके हलत. अशा स्थितीत पैसे वाया जाऊ नयेत म्हणून वाचक परीक्षणाकडे वळत असे. परीक्षकाकडून त्याची अपेक्षा रसग्रहणाची नव्हती. पारख करणाऱ्या जाणकाराची होती.

ही अपेक्षा ब्रिटनमधील ‘क्रॅश’ या नियतकालिकात सर्वांत ठळकपणे दिसते. झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठीच्या खेळांना वाहिलेले हे नियतकालिक १९८४ मध्ये सुरू झाले. गेमचे वर्णन आणि एकाहून अधिक परीक्षकांची स्वतंत्र मते दिल्यावर शेवटी टक्केवारीचा तक्ता येई. चित्रांकन, खेळण्यातील सुलभता, पैशाचा मोबदला अशी त्यातील काही शीर्षके होती. ‘व्यसन लावण्याची क्षमता’ हेही एक शीर्षक होते आणि त्यातील अधिक टक्के हे गेमचे भूषण मानले जाई. आज ज्या शब्दाने या माध्यमावर आरोप केला जातो, तो शब्द त्या काळी प्रशंसेचा होता. निकष स्वयंसिद्ध नसतात, ते काळाच्या मूल्यांतून घडतात, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे. टक्केवारी अचूक दिसते. परंतु कशाची टक्केवारी काढायची हा निर्णय मुळातच मूल्यनिर्णय असतो.

जपानमध्ये १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या, पुढे ‘फामित्सू’ या नावाने ओळखल्या गेलेल्या नियतकालिकाने वेगळा मार्ग स्वीकारला. चार परीक्षकांनी प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे आणि त्यांची ४० पैकी बेरीज छापायची, अशी ही पद्धत होती. पूर्ण ४० गुण पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये, ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’ या गेमला. चौघांची मते शेजारीशेजारी छापली जात असल्याने मतभेद वाचकाच्या नजरेसमोर राहत. विद्यापीठीय परीक्षांमध्ये एकाच वर्णनात्मक उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांनी दिलेले गुण वेगळे येतात, हे आपण जाणतोच. तथापि तेथे अंतिम गुणपत्रिकेत एकच आकडा उरतो. फामित्सूने बेरजेबरोबर घटक गुणही जाहीर ठेवले.

१९९३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘एज’ने परीक्षणाखाली परीक्षकाचे नाव न छापण्याचा प्रघात ठेवला. मत व्यक्तीचे नव्हे, नियतकालिकाचे, अशी त्यामागील धारणा होती. याच नियतकालिकाने १९९४ मध्ये ‘डूम’ या अत्यंत लोकप्रिय गेमला १० पैकी ७ गुण दिले. समोर येणाऱ्या राक्षसांशी केवळ लढण्याऐवजी बोलताही आले असते तर, अशी अपेक्षा अनामिक परीक्षकाने त्यात व्यक्त केली होती. गोळीबाराच्या खेळात राक्षसांशी संभाषण कसले, म्हणून पुढे अनेक वर्षे या वाक्याची थट्टा झाली. परंतु २०१५ मध्ये आलेल्या ‘अंडरटेल’ या गेममध्ये शत्रूशी बोलून, त्याला न मारता पुढे जाता येणे हाच रचनेचा गाभा ठरला. परीक्षकाने भविष्य वर्तविले होते असा याचा अर्थ नाही, आणि त्या मतामुळे डूम सदोष ठरतो असेही नाही. मात्र हसण्यावारी नेलेल्या त्या मतात एक विचारण्याजोगा प्रश्न होता. नाव काढून टाकल्याने मतातील ‘मी’ नाहीसा झाला नव्हता, आणि तो नाहीसा झाला नाही हे त्या परीक्षणाचे भाग्यच म्हणावे लागेल.

सरासरीचे सामर्थ्य आणि तिची किंमत

जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेत ‘मेटाक्रिटिक’ ही सेवा सुरू झाली. निरनिराळ्या प्रकाशनांनी दिलेले गुण १०० च्या मापनश्रेणीत रूपांतरित करून त्यांची भारित सरासरी प्रसिद्ध करणे हे तिचे कार्य होय. कोणत्या प्रकाशनाला किती भार द्यायचा, हे मात्र तिने जाहीर केले नाही. अनेक व्यक्तिनिष्ठ मते एकत्र केली की त्यांतील व्यक्तिनिष्ठता परस्परांना छेद देऊन नाहीशी होते आणि वस्तुनिष्ठ मूल्य शिल्लक राहते, अशी भावना या सरासरीने दृढ केली.

या भावनेची परिणती कोठपर्यंत गेली, हे ‘फॉलआउट : न्यू वेगास’ या गेमच्या उदाहरणावरून दिसते. ऑब्सिडियन या संस्थेने घडविलेला हा गेम ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी गुणांक किमान ८५ आला तरच निर्मात्या संस्थेला अतिरिक्त मोबदला मिळेल, असे करारात ठरले होते. प्रत्यक्षात गुणांक ८४ आला. संस्थेतील ज्येष्ठ लेखक-रचनाकार ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी मार्च २०१२ मध्ये ही बाब सार्वजनिक केली. ८४ आणि ८५ यांमधील अंतराला समीक्षेच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही. एखाद्या परीक्षकाने १० पैकी ८ ऐवजी ९ देण्याचा निर्णय कोणत्या कारणाने घेतला असता, याचे उत्तर सरासरीत कोठेही सापडत नाही. मते एकत्र करताना कारणे गळून पडली आणि निष्कर्ष तेवढे उरले. ज्यांच्या श्रमाचा मोबदला त्या निष्कर्षावर अवलंबून होता, त्यांना प्रतिवाद करण्यासाठी समोर युक्तिवादच उरला नव्हता.

दुसरी घटना नोव्हेंबर २००७ मधील आहे. ‘गेमस्पॉट’ या अमेरिकी प्रकाशनाचे ज्येष्ठ परीक्षक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच : डेड मेन’ या गेमला १० पैकी ६ गुण दिले. त्या वेळी त्याच प्रकाशनावर त्या गेमची मोठी जाहिरात झळकत होती. महिनाअखेरीस गर्स्टमन यांना नोकरीतून कमी करण्यात आले. जाहिरातदाराच्या दबावाचा प्रकाशनाने त्या वेळी इन्कार केला. परंतु जाहिरातदारांच्या नाराजीपुढे व्यवस्थापन नमले, असे गर्स्टमन यांनी मार्च २०१२ मध्ये उघडपणे सांगितले.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. या प्रसंगात धोक्यात आली ती परीक्षणाची वस्तुनिष्ठता नव्हे, तर परीक्षकाचे स्वातंत्र्य. स्वतंत्र परीक्षकाचे मतही व्यक्तिनिष्ठच असते. ते विकाऊ नसते, एवढाच फरक. निःपक्षपातीपणा हा परीक्षकाच्या वर्तनाचा गुण आहे, तर वस्तुनिष्ठता हा विधानाचा. या दोहोंची गल्लत पुढील काळात फार महागात पडली.

‘मी’चा प्रवेश

ब्रिटिश लेखक कीरन गिलन यांनी २००४ मध्ये ‘नवी गेम-पत्रकारिता’ या कल्पनेचा पुरस्कार केला. गेमचे मोल यंत्रात वा संकेतावलीत नसून खेळणाऱ्याच्या अनुभवात आहे, त्यामुळे लेखकाने काल्पनिक प्रदेशांचे प्रवासवर्णन लिहावे तसे लिहावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वावर आधारित गेममध्ये अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी झालेले द्वंद्व, त्यात ऐकून घ्यावे लागलेले वांशिक अपशब्द आणि तरीही पाळलेला द्वंद्वाचा शिष्टाचार यांविषयी टोपणनावाने लिहिला गेलेला एक निबंध त्यांनी आदर्श म्हणून पुढे ठेवला. त्या निबंधात गुणांक नव्हते. तरीही त्या गेमच्या नियमांमधून शिष्टाचार कसा उद्भवतो, हे त्यातून जेवढे कळते तेवढे कोणत्याही तक्त्यातून कळले नसते.

या प्रवाहाचे अनुकरण करणाऱ्यांच्या हातून मर्यादाही प्रकट झाल्या. लेखकाचा दिवस, त्याची मनःस्थिती, त्याच्या आठवणी यांनी पाने भरली आणि गेम मागे पडला. मराठी वाचकाला हा दोष नवा नाही. आस्वादक समीक्षेच्या नावाखाली कृतीऐवजी स्वतःच्या भावविश्वाचेच वर्णन करणारे लेखन आपल्याकडेही विपुल झाले आहे. अनुभव नोंदविणे ही समीक्षेची सुरुवात आहे. तो अनुभव कृतीतील कशामुळे आला, हे दाखविल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

साधार मताचे एक उदाहरण

असे दाखविणे म्हणजे काय, हे रचनाकार क्लिंट हॉकिंग यांच्या ऑक्टोबर २००७ मधील टीकालेखावरून स्पष्ट होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बायोशॉक’ या गेमचे परीक्षकांनी जवळजवळ एकमुखाने कौतुक केले होते. समुद्रतळाशी वसविलेले रॅप्चर हे नगर आणि आयन रँड यांच्या स्वार्थवादी तत्त्वज्ञानाची त्यात केलेली चिकित्सा ही त्याची वैशिष्ट्ये होत. हॉकिंग यांचे मत प्रतिकूल होते. या गेमने आपली थट्टा केल्यासारखे त्यांना वाटले. हे विधान पूर्णतः व्यक्तिनिष्ठ आहे. परंतु ते तेथे थांबले नाहीत.

त्यांचा युक्तिवाद असा : खेळताना खेळाडूपुढे ‘लिटल सिस्टर’ या लहान मुली येतात. त्यांचा बळी देऊन अधिक सामर्थ्य मिळवायचे की त्यांना वाचवून कमी सामर्थ्यावर समाधान मानायचे, ही निवड खेळाडूची असते. म्हणजे खेळाचे नियम स्वार्थाची वाट खुली ठेवतात. कथानकात मात्र अ‍ॅटलस या पात्राला साहाय्य करण्यावाचून गत्यंतर नसते. तेथे स्वार्थाने वागण्याची मुभाच नाही. नियम एक सांगतात, कथन दुसरेच सांगते. या स्थितीला हॉकिंग यांनी खेळ आणि कथन यांतील विसंवाद अशा अर्थाची संज्ञा दिली आणि ती पुढे समीक्षेत रूढ झाली.

या युक्तिवादातील प्रत्येक पायरी बायोशॉक खेळणाऱ्या कोणालाही तपासता येते, हे येथे महत्त्वाचे आहे. निवड आहे की नाही, सामर्थ्य कमी मिळते की अधिक, अ‍ॅटलसला नकार देता येतो की नाही, या गोष्टी पाहून ठरविता येतात. म्हणूनच प्रतिवादही शक्य होतो. खेळाडूची असहायता हाच गेमचा विषय आहे आणि मध्यावरील उलगड्यात तो उघड होतो, असे काहींनी म्हटले आहे. मुलींना वाचविणाऱ्याला पुढे भेटी मिळत असल्याने दोन वाटांमधील अंतर बरेच कमी होते, असेही दाखविता येते. हॉकिंग यांचा निष्कर्ष अमान्य करणाऱ्यालाही त्यांच्या लेखानंतर बायोशॉक अधिक बारकाईने पाहावा लागतो. साधार मताचे फलित ते हेच.

न खेळता दिलेला निर्णय

याच्या विरुद्ध उदाहरण एका थोर समीक्षकाचे आहे. चित्रपट समीक्षेसाठी १९७५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळविणारे रॉजर ईबर्ट यांनी एप्रिल २०१० मध्ये व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकत नाहीत, असे प्रतिपादन केले. त्यांच्याजवळ युक्तिवाद होता. कलेत कर्त्याचे नियंत्रण असते, गेममध्ये ते खेळाडूच्या निवडींमुळे सुटते, हा मुद्दा त्यांनी २००५ पासून मांडला होता आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु ज्या गेमविषयी ते बोलत होते ते त्यांनी खेळलेले नव्हते. वाचकांच्या प्रचंड प्रतिसादानंतर जुलै २०१० मध्ये त्यांनी प्रांजळपणे मान्य केले की मत बदललेले नसले तरी प्रत्यक्ष अनुभवावाचून ते मांडायला नको होते. त्यांच्या या कबुलीतून एक सूत्र हाती येते : अनुभवाविना युक्तिवाद अधांतरी राहतो, आणि युक्तिवादाविना अनुभव मुका राहतो.

वस्तुनिष्ठतेची मागणी आणि तिचा विपर्यास

ऑगस्ट २०१४ पासून ‘गेमरगेट’ या नावाने ओळखली गेलेली मोहीम पसरली. पत्रकारितेतील नीतिमत्ता हे तिचे घोषित कारण होते. प्रत्यक्षात तिचा आरंभ एका स्वतंत्र महिला निर्मातीवरील आरोपाने झाला. वैयक्तिक संबंधांतून अनुकूल परीक्षण मिळविल्याचा तो आरोप होता. वास्तविक संबंधित पत्रकाराने त्या गेमचे परीक्षण लिहिलेच नव्हते. त्यानंतर अनेक महिला निर्मात्यांना व समीक्षकांना धमक्या आणि छळ सोसावा लागला. या गदारोळात परीक्षणे वस्तुनिष्ठ असावीत ही मागणी वारंवार पुढे आली. तिचा व्यावहारिक अर्थ मात्र असा होता की, गेममधील स्त्रीचित्रणासारख्या विषयांवर परीक्षकाने बोलूच नये.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘बायोनेटा २’ या गेमला ‘पॉलिगॉन’ने १० पैकी ७.५, तर ‘एज’ने पूर्ण १० गुण दिले. पॉलिगॉनच्या परीक्षकाने लढतींच्या रचनेची भरभरून प्रशंसा केली. नायिकेच्या देहाचे ज्या प्रकारे प्रदर्शन घडविले जाते त्याने रसभंग होतो, असेही नोंदविले. त्याच्यावर पक्षपाताचा आरोप झाला. वास्तविक त्याने स्तुतीची आणि आक्षेपाची कारणे वेगवेगळी मांडली होती. ज्याला तो आक्षेप महत्त्वाचा वाटत नाही, त्या वाचकालाही त्या परीक्षणावरून स्वतःचा निर्णय करता येत होता. वाद झाला तो आकड्यावर, कारण आकडा सरासरीत जातो. कारणे जात नाहीत.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘युरोगेमर’ने गुणांक देणे बंद केले आणि त्याऐवजी मोजक्या शब्दांच्या शिफारशी स्वीकारल्या. हा प्रयोग कायम टिकला नाही. २०२३ मध्ये तेथे तारांकनाची पद्धत आली. वाचकाला झटपट निर्णय हवा असतो हे त्यामागील वास्तव नाकारता येणार नाही. तेव्हा प्रश्न गुणांक असावा की नसावा एवढाच नाही; गुणांकाला मताचा सारांश मानायचे की मताचा पर्याय, हा आहे.

तात्त्विक अधिष्ठान

डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ मधील रुचीविषयक निबंधात ‘डॉन किहोते’मधील एक कथा सांगितली आहे. सांको पान्झाच्या दोघा नातलगांनी पिंपातील मद्य चाखले. एकाला त्यात चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. दोघांच्या जिभा वेगळ्या होत्या, दोघेही खरे ठरले आणि दोघांच्याही मतांचा आधार पिंपातच होता. गेमच्या समीक्षकाचे काम बहुतांशी ही किल्ली दाखविण्याचे आहे.

मात्र प्रत्येक वेळी किल्ली सापडतेच असे नाही. रा. भा. पाटणकर यांच्या लेखनामुळे मराठी अभ्यासकांना परिचित झालेला इमॅन्युएल कांट यांचा विचार येथे साहाय्यभूत होतो. रुचिनिर्णय व्यक्तीच्या अनुभवावर आधारलेला असतो, तरीही तो सर्वांच्या संमतीची अपेक्षा बाळगतो, असे कांट म्हणतात. ‘मला आवडले’ एवढेच म्हणणारा कोणाकडून काहीच मागत नाही. ‘हे चांगले आहे’ असे म्हणणारा इतरांना पाहण्याचे आवाहन करतो, आणि ज्याने आवाहन केले त्याच्यावर कारणे देण्याची जबाबदारीही येते.

निष्कर्ष

१. गेम-परीक्षणातील वस्तुनिष्ठतेची अपेक्षा ही कलेच्या नव्हे, तर वस्तूच्या पारखीच्या परंपरेतून आली. तांत्रिक दोष, खेळाची लांबी वा किंमत यांपुरती ती रास्त आहे; मूल्यनिर्णयाला ती लागू पडत नाही.

२. गुणांकांच्या सरासरीने व्यक्तिनिष्ठता नाहीशी होत नाही, ती दृष्टीआड होते. तिच्याबरोबर कारणेही दृष्टीआड होतात आणि त्याची किंमत काही प्रसंगी निर्मात्यांना मोजावी लागते.

३. परीक्षकाचे स्वातंत्र्य आणि विधानाची वस्तुनिष्ठता या दोन भिन्न बाबी आहेत. पहिलीचा आग्रह धरणे आवश्यक आहे. दुसरीचा अतिरेकी आग्रह समीक्षेचे तोंड बंद करण्याचे साधन बनू शकतो.

४. साधार मत म्हणजे स्वतः घेतलेला अनुभव, त्या अनुभवाला कारण ठरलेले कृतीतील घटक आणि प्रतिवादाला खुला असलेला युक्तिवाद यांचा मेळ होय.

आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये ‘पब्जी मोबाइल’वर केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव बंदी घातली, तेव्हा घरोघरी चर्चा झाली ती प्रामुख्याने व्यसनाची आणि वेळेच्या अपव्ययाची. ती चिंता अनाठायी नव्हती. परंतु आपले विद्यार्थी ज्या खेळात तासन्‌तास रमतात तो नेमका कसा रचला आहे आणि त्यात काय घडते, याविषयी बोलण्याची भाषा त्या चर्चेत क्वचितच होती. ही भाषा घडविणे हे मराठीच्या अध्यापकांनी आपले काम मानावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. विद्यार्थी ‘हे माझे मत आहे’ असे म्हणतो, तेव्हा ते मत मागे घेण्यास त्याला सांगू नये. त्या मतामागे काय आहे, ते कृतीत कोठे दिसते, एवढेच विचारावे.